आरसा : दिसण्यासाठी की बघण्यासाठी?

हॉस्टेलच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. कित्येक बाईकना एकच आरसा, काहींना तोही नाही. आणि ज्यांना आहेत, त्यातले बरेचसे भांग पाडण्यापुरते वळवलेले! म्हणून आरसा कसा निवडावा, यावर थोडं लिहितो.

काच दोन प्रकारची असते : सपाट आणि बहिर्वक्र. बारावीचं ऑप्टिक्स आठवा. समजा, बहिर्वक्र आरशाची वक्रता त्रिज्या १.२ मीटर, म्हणजे नाभीय अंतर ६० सेंटीमीटर. डोळाही आरशापासून तेवढाच लांब. आरसा १० सेंटीमीटर रुंद असेल, तर सपाट काचेत मागचा साधारण साडेनऊ अंशांचा पट्टा दिसतो, बहिर्वक्रात १९ अंशांचा. सरळ दुप्पट!

पण फुकट काहीच मिळत नाही. १२ मीटरवरचा ट्रक या काचेत २४ मीटरवर असल्यासारखा लहान दिसतो. तुम्ही ताशी ५० ने चाललाय, ट्रक ८० ने येतोय. तुम्हाला वाटतं जवळजवळ तीन सेकंद आहेत, असतात दीडच. म्हणून माझं मत असं : घ्यायचा बहिर्वक्रच, पण त्याला विचारायचं एवढंच की मागे कोणी आहे का. किती जवळ आहे, हे लेन बदलण्याआधी मान वळवूनच बघायचं.

दुसरा मुद्दा दांडीचा. आखूड दांडीत स्वतःचं कोपरच दिसतं. फार लांब आणि बारीक दांडी थरथरते. ३००० आरपीएमला इंजिन सेकंदाला ५० वेळा फिरतं. दांडीची स्वतःची फ्रिक्वेन्सी त्याच्या आसपास आली की रेझोनन्स होऊन चित्र पुसट होतं. तेव्हा कोपराच्या बाहेरचं दिसेल इतपतच लांब, पण जाड दांडी घ्या. आटेही तपासा. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांना उजव्या आरशाचे आटे उलटे असतात. जोर लावलात तर ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प खराब होईल.

शेवटी सेटिंग. हेल्मेट घालून नेहमीसारखं बसा. क्षितिज काचेच्या मध्यावर आणि आतल्या कडेला खांद्याची जेमतेम कड दिसू द्या. मग रूम पार्टनरला मागून तिरकं चालत पुढे यायला सांगा. तो आरशातून गेला, पण डोळ्याच्या कोपऱ्यात अजून आला नाही, ती जागा नीट लक्षात ठेवा. रस्त्यावर तिथे एक अख्खी मोटरसायकल मावते.