वाळवण राहू द्या, आधी घरात या

वैशाखात आमच्या धावड्यात गच्चीगच्चीवर वाळवण असते. कुठे कुरडया, कुठे शेवया, कुठे लाल मिरची. शेतात काढलेला कांदा उघड्यावर असतो. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि असरनंतर अजिंठ्याच्या डोंगराकडून आभाळ भरून येते. वारा सुटतो, धूळ उडते आणि घराघरांतून एकच हाक येते, "अगं, वरचं आत घ्या!" विजेचा सर्वांत मोठा धोका याच धावपळीत असतो.

ऊन आणि वीज यांचे नाते जवळचे आहे. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिच्यात समुद्राकडून आलेले बाष्प असले की ढग दहा-बारा किलोमीटर उंच वाढतो. त्यात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार साठतो. तोच जमिनीकडे झेपावतो. वीज पावसाची वाट पाहत नाही. ढगापासून आठ-दहा किलोमीटरवर, कोरड्या जागीही ती पडते. त्यामुळे ‘अजून थेंबही नाही’ या भरवशावर राहू नये.

गडगडाट ऐकू आला म्हणजे आपण विजेच्या टप्प्यात आलो. तेव्हा पापड भिजू द्या, कांदा भिजू द्या, पक्क्या घरात या. नळ, लोखंडी खिडकी आणि कपड्यांची तार यांना हात लावू नका. शेतात असाल तर लिंबाखाली किंवा आंब्याखाली थांबू नका. झाडावर पडलेली वीज खोडातून आणि जमिनीतून शेजारच्या माणसापर्यंत पोहोचते. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ अॅप परिसरातील विजेची सूचना देते. घरातल्या मुलांना ते मोबाईलवर घ्यायला सांगा.

बकरी ईद 2024 मध्ये 17 जूनला, तर 2025 मध्ये 7 जूनला झाली. आणखी काही वर्षे ती ऐन उन्हाळ्यात येत राहील. कुर्बानीचे बोकड सावलीसाठी झाडाला बांधले जातात. आभाळ दिसण्याआधीच, दुपारीच, त्यांना गोठ्यात हलवा. गडगडाट सुरू झाल्यावर दोर सोडायला मुलांना पाठवू नका.

कुणावर वीज पडली तर त्याला हात लावायला घाबरू नका, अंगात वीज उरत नाही. श्वास बंद असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर दाब देत राहा आणि 108 ला फोन करा. वेळेवर केलेल्या या उपायाने माणूस वाचू शकतो.

आणखी एक गोष्ट मन घट्ट करून सांगते. मय्यत झाल्यास शवविच्छेदन नको म्हणून आपल्याकडे दफनाची घाई होते. वीज पडून मृत्यू झाल्यास वारसांना शासनाकडून 4 लाख रुपयांची मदत मिळते, पण त्यासाठी पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल लागतो. तलाठी आणि पोलिसांना आधी कळवा. मागे राहिलेल्या यतीम लेकरांचा हक्क त्या कागदांवर अवलंबून असतो. जनावर दगावले तरी पंचनामा करून घ्या.

कुरआनच्या तेराव्या सूरहचे नावच ‘अर-रअद’, म्हणजे मेघगर्जना. विजेत भीती आहे आणि पावसाची आशाही आहे. दुआ जरूर करा, पण छताखाली येऊन करा. कुरडया पुन्हा घालता येतात.