हॅम सोडून टर्की खाल्ली तर खरंच फायदा होतो का?

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मावसभावाला गेल्या वर्षी ब्लड प्रेशरची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. त्याने लोणचं सोडलं, पापड सोडला, वेफर्स सोडले आणि ऑफिसच्या डब्यातल्या हॅम सँडविचच्या जागी टर्की सँडविच आणलं. मावशीने व्हिडिओ कॉल संपल्यावर मला विचारलं, "टर्की म्हणजे चांगलीच ना गं प्रकृतीला?"

मी हो म्हणणारच होते. पण आधी त्याला दोन्ही पाकिटांच्या मागचे फोटो पाठवायला सांगितले. टर्कीच्या ५६ ग्रॅम स्लाइसमध्ये सोडियम ५५० मिलिग्रॅम. तो आधी खायचा त्या हॅममध्ये ६५०. फरक १०० मिलिग्रॅमचा, म्हणजे पाव ग्रॅम मीठ. जेमतेम चिमूटभर.

मग टर्कीला हेल्दी म्हणतात ते खोटं आहे का? खोटं नाही, पण त्यात एक मोठी गफलत होते.

आधी दोघांची ओळख

टर्की म्हणजे इथे देश नाही, कोंबडीचा आडदांड नातेवाईक. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगला हा अख्खा पक्षी भाजून टेबलावर येतो. हॅम म्हणजे डुकराच्या मागच्या पायाचं मांस, बहुतेक वेळा मीठ लावून खारवलेलं. त्याचा मान ख्रिसमस आणि ईस्टरला. सण संपले की दोन्ही पातळ स्लाइस होऊन वर्षभर सँडविचमध्ये जातात.

आता आकडे बघू. घरी भाजलेल्या, कातडी काढलेल्या टर्कीच्या छातीच्या १०० ग्रॅम मांसात साधारण ३० ग्रॅम प्रोटीन आणि २ ग्रॅम फॅट असतं, कॅलरी दीडशेच्या आसपास. तेवढ्याच भाजलेल्या हॅममध्ये प्रोटीन २१ ते २३ ग्रॅम, फॅट ५ ते ९ ग्रॅम आणि कॅलरी १४५ ते १८०. म्हणजे कॅलरीत फार अंतर नाही, पण प्रोटीन आणि फॅटमध्ये टर्की पुढे आहे.

खरी तफावत सोडियममध्ये दिसते. घरी मीठ न लावता भाजलेल्या त्या टर्कीत सुमारे १०० मिलिग्रॅम, हॅममध्ये १२०० ते १५००. बारा-पंधरा पट! "हॅम सोडा, टर्की खा" हा सल्ला याच आकड्यांवर उभा आहे.

दोष डुकराचा की मिठाचा?

डुकराच्या त्याच पायाचं ताजं मांस मीठ न लावता भाजलं, तर त्यात १०० ग्रॅममागे सोडियम ६०-६५ मिलिग्रॅमच भरतं. टर्कीपेक्षाही कमी. तेव्हा डुकराचा यात काही दोष नाही. मीठ नंतर येतं.

हॅम तयार करताना मांस मिठाच्या पाण्यात मुरवतात किंवा ते पाणी सुईने मांसात भरतात. सोबत नायट्राइट नावाचा क्षार असतो. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेला कारणीभूत असणाऱ्या जंतूंची वाढ तो रोखतो, म्हणजे तो उगाच टाकलेला नसतो. हॅम शिजूनही गुलाबी राहतं तेही त्याच्यामुळेच. नाहीतर घरी शिजवलेलं पोर्क करडं-तपकिरी होतं, हे खाणाऱ्यांना माहीत आहेच.

गफलत पुढे आहे. सुपरमार्केटमधल्या टर्कीच्या स्लाइससुद्धा अशाच मिठाच्या पाण्यातून जातात. पाकिटातल्या टर्कीत १०० ग्रॅममागे सोडियम ९०० ते १००० मिलिग्रॅमच्या घरात जातं आणि प्रोटीन १७ ग्रॅमच्या आसपास उतरतं, कारण आत पाणी भरलेलं असतं. अमेरिकेत 'टर्की हॅम' नावाचाही प्रकार मिळतो. त्यात डुक्कर नसतंच, टर्कीच्या मांडीचं मांस हॅमसारखं खारवलेलं असतं. नाव टर्कीचं, पण काम सगळं हॅमचं!

थोडक्यात, आपण ताज्या टर्कीचे आकडे वाचतो आणि खारवलेली टर्की विकत घेतो.

एका सँडविचमध्ये किती मीठ जातं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ. अमेरिकन हार्ट असोसिएशन तर प्रेशर असलेल्यांसाठी १५०० ची मर्यादा आदर्श मानते.

भावाच्या सँडविचमध्ये टर्कीचे ५५०, ब्रेडच्या दोन स्लाइसचे अडीचशे-तीनशे, चीजच्या एका स्लाइसचे आणखी दोनशे-अडीचशे. मस्टर्ड आणि पिकल वेगळं. हजार तर सहज झाले, आणि मांस ५६ ग्रॅमच होतं हे धरून. दुकानातून तयार सँडविच घेतलं तर त्यात याच्या दुप्पट मांस असू शकतं. पापड सोडल्याचं दुःख इथे वाया जातं.

आणि कॅन्सरचं काय?

२०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेल्या मांसाला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे 'माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा आहे' या गटात. रोज ५० ग्रॅम असं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं तिचं म्हणणं. या व्याख्येत खारवलेलं, धुरावलेलं पक्ष्याचं मांसही येऊ शकतं. टर्कीला वेगळी सूट नाही.

तंबाखूही याच गटात आहे म्हणून "हॅम म्हणजे सिगारेट" असे फॉरवर्ड फिरतात. ते चूक आहे. गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. १८ टक्के म्हणजे १०० पैकी १८ माणसंही नव्हेत. अमेरिकेत आयुष्यभरात १०० पैकी साधारण चार जणांना हा कर्करोग होतो. रोज खाणाऱ्यांत ते चाराचे पाचच्या आत जातील. ख्रिसमसला दोन तुकडे खाल्ल्याने घाबरायचं कारण नाही. मुद्दा रोजच्या डब्याचा आहे.

'अनक्युअर्ड' किंवा 'नॅचरल' लिहिलेल्या पाकिटांनीही हुरळू नका. त्यात बरेचदा सेलरीची पावडर असते आणि तिच्यातून तेच नायट्राइट मिळतं. लेबलवर हे बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं.

हॅमकडे काहीच नाही का?

आहे की. व्हिटॅमिन बी-१ मध्ये पोर्क टर्कीला सहज हरवतं. १०० ग्रॅम हॅममधून दिवसाच्या गरजेचा निम्मा भाग मिळू शकतो, टर्कीतून अगदी नगण्य. टर्की बी-३ आणि बी-६ मध्ये चांगली. टर्कीतल्या ट्रिप्टोफॅनमुळे झोप येते ही गोष्ट मात्र सोडून द्या, ते चिकनमध्येही जवळपास तेवढंच असतं. थँक्सगिव्हिंगला झोप येते ती ताटभर जेवणाने. पुरणपोळीनंतर येते तशीच.

आपल्याकडे टर्की कोण खातं?

फार कोणी नाही. पण मुंबई-पुण्याच्या सुपरमार्केटमधल्या फ्रीजरमध्ये चिकन हॅम आणि चिकन सलामी असते, आणि "चिकनच आहे, चालतं" म्हणून ती मुलांच्या डब्यात जाते. गफलत तीच. पाकिटाच्या मागे १०० ग्रॅममागचं सोडियम लिहिलेलं असतं, आधी तो आकडा बघा. अमेरिकेत राहत असाल तर कच्ची टर्की घेतानाही लेबल वाचा. अनेक पक्ष्यांत आधीच मिठाचं पाणी भरलेलं असतं.

मावसभाऊ आता रविवारी टर्कीची छाती घरीच भाजतो, काप करतो, अर्धे फ्रीजमध्ये आणि अर्धे फ्रीजरमध्ये ठेवतो, कारण शिजलेलं मांस साध्या फ्रीजमध्ये तीन-चार दिवसच टिकतं. फिकं लागतं म्हणून वर लिंबू आणि मिरपूड. लोणच्याच्या एका फोडीबद्दल मात्र मावशीची वाटाघाट अजून चालू आहे.