किरायात लाइट-पाणी धरून!

‘दोन खोल्या किरायाने देणे आहे. लाइट-पाण्यासह.’ अशी पाटी दिसली की, बदली होऊन नव्या गावी आलेल्या गृहस्थाला अर्धे काम झाल्यासारखे वाटते. महिन्याला एक ठरावीक रक्कम दिली की सुटलो! ना मीटर पाहायचा, ना बिलाची तारीख लक्षात ठेवायची. घरमालकालाही ते सोयीचेच असते. मीटर त्याच्या नावावर, नळही त्याचाच. दोन खोल्यांसाठी वेगळी यातायात कोण करणार?

बुलढाणा जिल्ह्यातले मोताळा हे असेच तालुक्याचे गाव. मलकापूरहून बुलढाण्याकडे निघालात की राजूर घाट चढण्यापूर्वी ते लागते. तहसील, पंचायत समिती, शाळा यांतल्या नोकरीसाठी येणाऱ्या माणसाला अशा गावी बिऱ्हाड मांडायचे असते. बहुधा मालक खाली आणि किरायेदार वर, नाहीतर एकाच अंगणात दोघांची दारे. व्यवहार तोंडी ठरतो. त्या एका रकमेत खोल्यांचा किराया किती आणि लाइट-पाणी किती, हे मात्र कोणी विचारीत नाही. तंटा रुजतो तो तिथेच.

कारण ‘धरून’ म्हणजे फुकट नव्हे. तो मालकाने बांधलेला अंदाज असतो. हिवाळ्यात बांधलेला अंदाज वैशाखात कोलमडतो. घाटावरचे बुलढाणे त्यातल्या त्यात थंड. घाटाखाली ऊन मी म्हणते आणि घरोघर कूलर सुरू होतात. २०० वॅटचा कूलर रोज १० तास चालला, तर दिवसाला २ युनिटे आणि महिन्याला ६० युनिटे होतात. शिवाय तो पाणीही पितो!

मग जिन्यात गाठ पडली की मालकीणबाई सहज म्हणतात, “वहिनी, काल लाइट लय उशिरापर्यंत चालू होता काय?” वहिनी ओशाळून सांगतात, “पोराची परीक्षा आहे ना, काकू.” त्या रात्रीपासून पोराला लवकर दिवा मालवायला सांगितले जाते. वास्तविक ९ वॅटचा दिवा १०० तास जळला, तरी एक युनिट पुरे होत नाही. आणि २००० वॅटचा गीझर अर्ध्या तासात एक युनिट संपवतो. भांडण होते ते दिसणाऱ्या दिव्यावरून. बिल फुगवतो तो न दिसणारा गीझर. शिक्षा मात्र अभ्यासाला!

यात आणखी एक मेख आहे. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिल्या १०० युनिटांना एक दर, १०१ ते ३०० युनिटांना त्याहून बराच चढा. समजा, मालक आणि किरायेदार दोघेही महिन्याला ९० युनिटे वापरतात. मीटर वेगळे असतील, तर दोघेही पहिल्या टप्प्यातच राहतील. मीटर एकच असेल, तर बेरीज १८० होते आणि ८० युनिटांना चढा दर लागतो. कोणीही उधळपट्टी केलेली नसते, तरी बिल पाहून दोघेही एकमेकांकडे संशयाने पाहू लागतात. खोल्यांना पोटमीटर लावला तर कोणी किती वापरले ते कळते. पण चढा दर चुकत नाही. तो चुकवायला वेगळी जोडणीच हवी. दोन जोडण्यांना स्थिर आकार दोनदा पडतो, हेही हिशेबात धरावे. २००३ च्या वीज कायद्यातील कलम ४३ प्रमाणे जागेचा मालकच नव्हे, तर जागेत राहणाराही विजेसाठी अर्ज करू शकतो.

पाण्याचे त्रांगडे निराळे. नळगंगेवरचे धरण याच तालुक्यात आहे. पण धरण जवळ असले म्हणजे वरच्या मजल्यावर आपोआप पाणी चढते असे नाही. टाकीत पाणी चढवायला मोटर लागते आणि मोटरीला वीज. म्हणून ‘पाण्यासह’ म्हणजे केवळ नळाचे पाणी, की टंचाईत आणलेल्या टँकरचेही, हे आधीच विचारून घेतलेले बरे.

रक्कम बांधलेली आणि खर्च मोकळा असला, की काय होते ते मुंबईने पाहिले आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले. भाडी गोठली, डागडुजीचा खर्च वाढत गेला आणि कितीतरी चाळींची दुरुस्ती रखडली. भाडे वाढवता आले नाही, की सोय कमी होते!

काही मालक याहून पुढे जातात. तंटा झाला की नळ बंद किंवा वीज तोडून टाकतात. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ जेथे लागू आहे, तेथे कलम २९ प्रमाणे पुरेशा कारणावाचून पाणी, वीज, जिन्यातला दिवा यांसारखी आवश्यक सोय तोडता येत नाही. तोडल्यास किरायेदाराला न्यायालयात दाद मागता येते. अर्थात, कोर्टाची पायरी चढण्यापेक्षा आधी चार ओळी लिहिणे केव्हाही स्वस्त!

जर्मनीत या प्रश्नाचा मजेदार तोडगा आहे. तिथे ‘थंड भाडे’ आणि ‘ऊबदार भाडे’ असे दोन शब्दच रूढ आहेत. पहिल्यात नुसती जागा, दुसऱ्यात घर गरम ठेवण्याचा खर्चही धरलेला. १९८१ च्या नियमाप्रमाणे या खर्चाचा निदान निम्मा भाग प्रत्यक्ष वापरावर वाटावा लागतो. त्यांना चिंता उबेची, आपल्याला गारव्याची; हिशेब तोच!

आपल्याकडेही मधला मार्ग कठीण नाही. जागेचा किराया इतका, त्यात महिन्याला इतकी युनिटे धरली. त्यावरची पोटमीटरप्रमाणे, बिलाच्या दराने. पाणी नळाचे, टँकर आला तर खर्च अर्धा-अर्धा. कूलर-गीझर वापरणार की नाही, तेही लिहावे. कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात आणि दर महिन्याचे बिल दोघांनी मिळून पाहावे.

असे लिहून घेण्यात संकोच वाटतो खरा. “आमचा काय विश्वास नाही?” असे कोणीतरी म्हणतेच. परंतु विश्वास टिकावा म्हणूनच हिशेब लिहायचा असतो. आकडा कागदावर असला, म्हणजे खालच्यांना वरच्यांच्या खिडकीवर डोळा ठेवावा लागत नाही आणि परीक्षेच्या दिवसांत वरच्या पोराला दिवा मालवण्याची घाई करावी लागत नाही.