कोलेस्टेरॉलची गोळी : घ्यावी की न घ्यावी?



रक्त तपासणीचा कागद हाती आला की घराघरांत वाद सुरू होतो. एक म्हणतो, "गोळी चालू कर, अटॅक टळेल." दुसरा म्हणतो, "नको रे बाबा, एकदा लागली की सुटत नाही." हिशेब मात्र कोणी मांडत नाही. तो येथे देत आहोत.

या औषधांना स्टॅटिन म्हणतात. चिठ्ठीवर अ‍ॅटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशी नावे असतात. पहिले स्टॅटिन १९७३ साली जपानचे अकिरा एन्डो यांनी बुरशीतून शोधले. (हे गृहस्थ शेतकऱ्याच्याच घरातले!) यकृतात कोलेस्टेरॉल तयार होणे हे औषध कमी करते, मग यकृत रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल ओढून घेते.

१९९४ साली स्कॅन्डिनेव्हियन देशांतील ४,४४४ हृदयरोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना सिमव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सुमारे साडेपाच वर्षांत बिनऔषधवाल्यांतले शंभरी १२ दगावले, औषधवाल्यांतले ८. म्हणजे शंभरामागे चार जीव वाचले. तेव्हा ज्यांना अटॅक येऊन गेला किंवा बायपास झाली, त्यांनी ऐकीव गोष्टींवरून गोळी सोडणे म्हणजे जिवाशी खेळ, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांचा नुसता आकडा थोडा चढला आहे, त्यांचे गणित निराळे. मुळात धोकाच कमी, म्हणून फायदाही कमी. वय, रक्तदाब, साखर, तंबाखू-विडी, वडिलांना लहान वयात आलेला अटॅक, हे सारे धरून डॉक्टरांनी ठरवायचे.

आता तोटे. अंग दुखते ही तक्रार फार. पण २०२२ च्या मोठ्या पाहणीत असे दिसले की गोळी घेणाऱ्यांच्या अशा दहा तक्रारींपैकी नऊंहून अधिक गोळीमुळे नव्हत्याच; बिनऔषधाची गोळी घेणारेही जवळपास तितकेच कण्हत होते. मात्र स्नायू फार दुखून लघवी काळपट झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. असे क्वचित होते, पण होते. याच कारणाने सेरिव्हास्टॅटिन हे औषध २००१ साली बाजारातून काढावे लागले. साखरही किंचित वाढू शकते : २०१० च्या एका अभ्यासाप्रमाणे २५५ जणांनी चार वर्षे गोळी घेतली तर मधुमेहाचा एक रोगी जास्त. गरोदर भगिनींनी डॉक्टरांना ताबडतोब सांगावे.

गोळी "लागते" म्हणजे व्यसन लागत नाही. बंद केली की काही आठवड्यांत कोलेस्टेरॉल पूर्वीइतके होते, एवढेच. दुसऱ्या आजारासाठी औषध घेताना, विशेषतः क्लॅरिथ्रोमायसिन, ही गोळी चालू असल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.