मुख्याध्यापक जिच्या समितीचा सचिव असतो

वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातल्या एखाद्या तांड्यावर मोलमजुरी करणारी आई गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या समितीची अध्यक्ष होऊ शकते, आणि शाळेचा मुख्याध्यापक त्याच समितीचा सचिव म्हणून तिच्यासमोर इतिवृत्त मांडतो. केवढी मोठी गोष्ट आहे ही!

हे घडवले शिक्षण हक्क कायद्याने. २००९चा हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक आणि ५० टक्के महिला असाव्या लागतात. वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. उरलेल्या जागांवर ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली व्यक्ती येते. अध्यक्ष मात्र पालकांमधूनच.

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी शाळा मंडळ सगळे मतदार निवडतात. आपल्याकडे हा अधिकार पालकसभेचा. ज्याचे मूल शाळेच्या पटावर, तोच मतदार आणि तोच उमेदवार. अनामत रक्कम नाही, शिक्षणाची अट नाही. गावोगावी आधी एकमताचा प्रयत्न होतो. ते जमले नाही, तर हात वर होतात किंवा चिठ्ठ्या पडतात. निवडून आलेल्यांनी शाळेच्या कारभारावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवायचे, शाळा विकास आराखडा तयार करायचा. शौचालयाला पाणी आहे का, खिचडी नीट शिजते का, गुरुजी वेळेवर येतात का, हे विचारण्याचा हक्क आता त्या आईला आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम हा सहा तालुक्यांचा जिल्हा. २०१८ मध्ये केंद्राने देशातील आकांक्षित जिल्ह्यांत त्याचा समावेश केला; शिक्षण हा त्यामागच्या मोजमापाचा एक मोठा भाग. इथे ही समिती कागदावर राहणे परवडणारे नाही. पण सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत भरदुपारी बैठक ठेवली, तर मजूर आईची रोजी बुडते, मग तिची सही तेवढी नंतर घेतली जाते. माझ्या मते हा निवडणुकीचाच अपमान आहे. बैठक संध्याकाळी, माणसे शेतातून परतल्यावर घ्यावी.

तुमचे मूल जिल्हा परिषद शाळेत शिकत असेल, तर पुढची पालकसभा कधी आहे हे मुख्याध्यापकांना विचारा, आणि शेजारणीलाही सोबत घेऊन जा.