उच्छ्वासांच्या मागावर

ऑगस्ट २०१६. मुंबईत मलबार हिलवरच्या राजभवनाच्या आवारात एक जुनी भिंत फोडली गेली. भिंतीमागे भुयार असल्याचं जुन्या माणसांकडून राज्यपाल विद्यासागर राव यांच्या कानावर आलं होतं, म्हणून सार्वजनिक बांधकाम खात्याची माणसं कामाला लागली. आत सापडला इंग्रजांच्या काळातला लष्करी बंकर. त्यात तेरा खोल्या, आणि दारांवर ‘शेल स्टोअर’, ‘कार्ट्रिज स्टोअर’, ‘पंप’, ‘वर्कशॉप’ अशी नावं अजून वाचता येत होती. समुद्राकडे तोंड करून उभ्या असलेल्या तोफांचा दारूगोळा इथे ठेवला जात असे. जून २०२२मध्ये त्याच बंकरमध्ये क्रांतिकारकांवरचं ‘क्रांतिगाथा’ दालन सुरू झालं.

अशी बातमी आली की जुन्या गोष्टींना पुन्हा पालवी फुटते. शनिवारवाड्यातून थेट पर्वतीपर्यंत भुयार आहे, अमुक देवळाच्या गाभाऱ्यातून तमुक किल्ल्यावर निघता येतं, आत घोडेस्वार जाईल एवढी उंची आहे. महाराष्ट्रात असा वाडा आणि असा गड विरळाच, ज्याच्या नावावर एखादी पळवाट खपवली गेलेली नाही.

या गोष्टींची परीक्षा घ्यायला इतिहासाचार्य असावं लागत नाही, हवेचा विचार पुरतो. मैलभर लांबीच्या बंद भुयारात मशाल पेटवून माणसं चालू लागली तर हवा लवकरच कोंदट होते. वारा खेळावा म्हणून जागोजागी वर भोकं पाडावी लागतात. ती पाडली की भुयार कुठून कुठे जातं हे सगळ्या गावाला कळतं. न पाडली तर पळणारा मधेच गुदमरतो. लांब भुयार आणि गुप्त वाट एकत्र नांदणं कठीण असतं ते यामुळे. शहरांखाली खरोखर सापडणारी लांब भुयारं बहुतेक वेळा एकाच कामासाठी खोदलेली असतात, पाणी आणण्यासाठी. पाण्याला गुप्ततेची गरज नव्हती, त्यामुळे त्यांची भोकं उघड्यावर होती.

पुण्यात या भोकांना ‘उच्छ्वास’ म्हणतात.

अठराव्या शतकाच्या मध्यावर पेशव्यांचं पुणं भराभर वाढत होतं आणि आडांचं पाणी पुरेनासं झालं होतं. नानासाहेब पेशव्यांनी शहराच्या दक्षिणेला कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यावर बांध घालून तलाव केला. तिथून दगड-चुन्यात बांधलेला नळ जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणला. याला नळ म्हणत असले तरी त्यात बऱ्याच ठिकाणी माणूस उभा राहून चालू शकतो. पंप नाही, चाक नाही. सगळं काम उताराचं. कात्रज उंचावर आणि पेठा खाली, मधल्या आठ-दहा किलोमीटरमध्ये उतार इतका बेताचा राखायचा की पाणी थांबू नये आणि धावतही सुटू नये. थांबलं तर गाळ बसतो, फार धावलं तर चुन्याचे सांधे खरवडले जातात.

ठराविक अंतरावरचे उच्छ्वास तीन कामं करत. नळात अडकलेली हवा बाहेर सोडायची, गाळ काढणाऱ्याला आत उतरू द्यायचं आणि वाटेतल्या लोकांना पाणी शेंदू द्यायचं. शहरात पोचलेलं पाणी हौदांमध्ये खेळवलं जाई. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद ही नावं पुण्यात अजून चौकांना आणि रस्त्यांना चिकटलेली आहेत. शनिवारवाड्यातलं हजारी कारंजंही याच पाण्यावर उडत असे. म्हणजे वाड्याखाली भुयार आहे ही गोष्ट अगदीच हवेतली नव्हती. भुयार वाड्यात येत होतं खरं, पण त्यातून पेशवे बाहेर पडत नव्हते, पाणी आत येत होतं. पुढे खडकवासल्याचं धरण झालं, लोखंडी नळ घरोघर पोचले आणि कात्रजच्या नळाची आठवण पुसट होत गेली.

त्यामुळे एखादा पायाचा खड्डा खणताना कमान लागली की आजही खळबळ उडते. मार्च २०१९मध्ये स्वारगेटला मेट्रोच्या कामात जमिनीखाली जुनं भुयार दिसलं, तेव्हा पुण्यात गर्दी आणि तर्क दोन्ही उसळले. तेही पाण्याच्या वाटेचंच निघालं.

छत्रपती संभाजीनगरमध्ये हाच खेळ पुण्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी मांडला गेला होता. मलिक अंबरने १६१०मध्ये खडकी गाव वसवलं आणि काही वर्षांतच ‘नहर-ए-अंबरी’ खोदून घेतली. या नहरीने नदी अडवली नाही. डोंगरउतारावर जमिनीत झिरपलेलं पाणी तिने खालच्या खाली गोळा केलं आणि उतारावरून शहरात आणलं. इराणात हजारो वर्षं चालत आलेल्या कनातीची ही दख्खनी बहीण. पुढे शहरात आणखी नहरी झाल्या. १७४४च्या सुमाराची पाणचक्की अशाच एका नहरीच्या पाण्यावर फिरायची आणि दर्ग्यात येणाऱ्यांसाठी पीठ दळायची.

तापीकाठच्या बुऱ्हाणपूरमध्ये तर अशी व्यवस्था आतून पाहता येते. तिथला ‘कुंडी भंडारा’ १६१५चा, अब्दुल रहीम खानखानाच्या काळातला. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारं पाणी त्यात वाटेतच धरलं जातं. शंभराहून अधिक विहिरीसारख्या कुंड्या एका रांगेत, आणि त्यांना खालून जोडणारं भुयार. एका कुंडीत पाळणा बसवून पर्यटकांना खाली नेण्याची सोय करण्यात आली.

पळवाटेच्या गोष्टींच्या जवळ जाणारं अस्सल उदाहरण हवंच असेल तर ते देवगिरीवर आहे. तिथली ‘अंधारी’ ही कातळात कोरलेली वळणावळणाची वाट शत्रूसाठी रचलेली होती. वरच्या तोंडाशी जाळ करून धूर आत कोंडायचा, की चढून येणारे घुसमटून मागे फिरतील किंवा तिथेच पडतील. बंद वाटेत हवा हेच हत्यार ठरतं, हे किल्ला बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि ही वाट मैलोगणती लांब नाही, डोंगराच्या पोटातलं एक वळण एवढीच आहे.

आज अशा भुयारांचा नाद लागलेल्या मित्रांनी ही हवेचीच गोष्ट आधी लक्षात घ्यावी. बंद नळात, आडात किंवा मॅनहोलमध्ये कुजलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन तयार होतात, जड कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि प्राणवायू घटतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं. मेणबत्ती उतरवून पाहण्याची जुनी युक्ती मिथेन असेल तिथे स्फोटाला आमंत्रण ठरते. गटारांतल्या अपघातांच्या बातम्यांत एक क्रम पुन्हा पुन्हा दिसतो. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. मैत्रीच्या ओढीने घेतलेली ती उडी बहुधा दुसरा बळी घेते. अंगाला पट्टा-दोर, वायुमापक यंत्र आणि परवानगी नसताना अशा जागी एकाने उतरणं चूक, आणि दुसऱ्याने त्याच्यामागे जाणं त्याहून मोठी चूक. पॅरिससारख्या शहरात जमिनीखाली जुन्या खाणींचं शेकडो किलोमीटरचं जाळं आहे, तरी लोकांसाठी खुला भाग जेमतेम दीड किलोमीटरचा. बाकी ठिकाणी शिरायला १९५५पासून बंदी आहे.

सुदैवाने पाण्याची भुयारं वरूनही वाचता येतात. दोघे मिळून निघाले तर एकाने जुना नकाशा धरायचा, दुसऱ्याने उताराकडे लक्ष ठेवायचं. एक उच्छ्वास सापडला की पुढचा कुठल्या दिशेला असेल याचा अंदाज बांधायचा. कधी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये निघतो, कधी शेंदूर लावलेल्या ओट्याखाली.

घाटाखालच्या पनवेलकरांना भुयारांचं अप्रूप कमी असेल, कारण पुण्याला जाताना द्रुतगती मार्गावरचे भाताण आणि माडपचे बोगदे ते डुलक्या घेत पार करतात. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावर वावर्ले इथे अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला तोही याच भागात. खुद्द पनवेल गावाने मात्र पाण्यासाठी जमीन पोखरली नाही. वडाळे, कृष्णाळे, देवाळे अशी तळी राखून त्याने आपली सोय उघड्यावर केली. तेव्हा पाण्याच्या भुयारांचा मागोवा घ्यायचा तर घाट चढावा लागतो. सुरुवात कात्रजच्या तलावापासून करावी. आता तो राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात आहे. तिथून सातारा रस्त्याच्या कडेकडेने धनकवडीवरून उतरत शनिवारवाडा गाठायचा. सगळी वाट उताराची असल्याने पायांना फारसा त्रास होत नाही. मे महिन्यात निघालात तर पाणी मात्र बरोबर घ्यावं लागतं, कारण वाटेतले हौद आता कोणाची तहान भागवत नाहीत.