टपाल मराठी, मग भरतीच्या रकान्यात एकटी कन्नड का?

दहावीला नव्वदच्या पुढे मार्क्स, सायकल चालवता येते, संगणकावर बोटे फिरतात. टपाल खात्याची जाहिरात निघाली की उचगाव-येळ्ळूरपासून खानापूरच्या रानातल्या गावांपर्यंत पोरांची धांदल उडते. अर्ज भरताना एका रकान्याशी मात्र हात थबकतो. स्थानिक भाषा : कन्नड.

ही भरती ग्रामीण डाक सेवकांची. आपल्या वडीलधाऱ्यांच्या काळी यांनाच 'अतिरिक्त विभागीय' कर्मचारी म्हणत. ही नागरी पदेच आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली राजम्मा खटल्यात सांगितले. तरीही खाते त्यांना आपल्या नियमित नोकरांत धरत नाही. काम चार-पाच तासांचे. 2018 पासून शाखा पोस्टमास्तरला 12 हजार आणि टपाल वाटणाऱ्याला 10 हजार रुपयांपासून भत्ता सुरू होतो. वर उपजीविकेचे दुसरे साधन हवेच, ही अट. सेवक रजेवर गेला की स्वतःच्या जबाबदारीवर बदली माणूस ठेवतो. त्या बिचाऱ्याला तर नेमणुकीचा हक्कही मिळत नाही.

निवडीला परीक्षा नाही. वय 18 ते 40, दहावीत गणित व इंग्रजी उत्तीर्ण, आणि यादी लागते ती दहावीच्या गुणांवर. त्यात भाषेचा नियम असा की, स्थानिक भाषा किमान दहावीपर्यंत सक्तीचा किंवा ऐच्छिक विषय म्हणून शिकलेली असावी. हे नीट वाचा. माध्यम कन्नड असावे, असे कुठेही म्हटलेले नाही. कर्नाटक बोर्डातून मराठी माध्यमात शिकलेल्या ज्या मुलाच्या गुणपत्रिकेवर कन्नड विषय आहे, तो या अटीत बसतो. 'मराठी शाळेतल्यांना घेत नाहीत' या ऐकीव गोष्टीवर विसंबून अर्जच न करणारी पोरे आपण पाहतो, तेव्हा वाईट वाटते.

खरी अडचण दुसऱ्यांची. बाची ओलांडून शिनोळीला, चंदगड तालुक्यात दहावी केलेल्या मुलाच्या गुणपत्रिकेवर कन्नड नसते. त्याला महाराष्ट्रात मराठीवर अर्ज करता येतो, पण स्वतःच्या गावच्या टपाल कचेरीचे दार बंद! उलट कन्नड शिकलेला, पण मराठीचे अक्षरही न वाचणारा उमेदवार दोनशे कोसांवरून गुणांच्या जोरावर त्याच गावात नेमला जाऊ शकतो. पाकिटावरचा मराठी पत्ता त्याला वाचून कोण दाखवणार? आणि पैसे काढायच्या पावतीवर काय लिहायचे, हे म्हातारीला तो कोणत्या भाषेत समजावणार?

एका राज्यात एकच भाषा, असा टपाल खात्याचा दंडक असता तर गप्प बसावे लागले असते. तसा तो नाही. आसामात असमियाबरोबर बंगाली आणि बोडोही त्या त्या भागासाठी धरली जाते. पश्चिम बंगालमध्ये दार्जिलिंगकडे नेपाळी चालते. गोव्यासाठी कोकणी किंवा मराठी. म्हणजे लोकांची भाषा पाहून विभागवार रकाना बदलतो. मग बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात कन्नडच्या जोडीला मराठी का नको? कन्नड काढा, असे कोणी म्हणत नाही.

ही मागणी करायला मोर्चाच काढावा लागतो असे नाही. राज्यघटनेच्या 350व्या कलमानुसार गाऱ्हाण्याचे निवेदन केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, तिथे वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येते. टपाल खाते केंद्राचे. तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव आणि गावकऱ्यांच्या सह्या घेऊन मराठीतला अर्ज टपाल अधीक्षकांकडे द्यावा. त्याची एक प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांना पाठवावी, आणि दोन्हीची पोच जपून ठेवावी. पुढची जाहिरात निघण्याआधी हे झाले पाहिजे. अर्जाची मुदत जेमतेम तीन आठवड्यांची असते.